लाइन आली का?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढले आणि पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्या त्याने अवघ्या काही तासांत आडव्या केल्या. त्या वाड्यांबरोबर विजेचे खांबही पडले, आणि कित्येक गावे त्यानंतर आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. त्याच दिवसांत श्रीवर्धन तालुक्यातील आमच्या नात्यातल्या एका घराच्या ओटीवर मी बसलो असता माजघरातून म्हाताऱ्या आत्याबाईंचा प्रश्न आला, "लाइन आली का रे?" अंगणात मोडलेल्या पोफळीचे ओंडके ओढणारा नातू म्हणाला, "नाही आत्या, खांबच उभे नाहीत अजून." परसातून सूनबाईंनी सांगितले, "जोडली काल, पण पाणी वर चढत नाही." आणि बेड्यापलीकडून जाणाऱ्या शेजाऱ्याच्या कानी तेवढाच एक शब्द पडला असावा, कारण तो चालता चालता ओरडला, "लागलीय शाळेपाशी, ताडपत्री नि रॉकेलची! लवकर चला."

तिन्ही उत्तरे खरी होती, तिघांनीही एकच शब्द ऐकला होता, आणि त्या तिघांच्या डोळ्यांपुढे तीन निरनिराळ्या वस्तू उभ्या होत्या: एकाच्या पुढे तार, दुसरीच्या पुढे नळ आणि तिसऱ्याच्या पुढे माणसांची रांग. त्या दिवशी मला या शब्दाचे जे कुतूहल लागले ते अजून सुटलेले नाही. लाइन हा आता इंग्रजी शब्द म्हणून कोणी उच्चारीत नाही. शाळेचे तोंड न पाहिलेली माणसेही तो सहज वापरतात, आणि मराठीने त्याला आपल्या घरातले लिंगही देऊन टाकले आहे. ओळ, रांग, रेघ, रेषा, तार, दोरी या साऱ्या स्त्रीलिंगी, म्हणून लाइनही ती. तिचे अनेकवचन लाइनी, आणि तिच्यात उभे राहायचे ते लाइनीत. ज्या इंग्रजीतून ती आली तेथे निर्जीव वस्तूला लिंगच नाही. हे दत्तकविधान कोणा व्याकरणकाराने केलेले नाही. रेशनच्या दुकानापुढे, स्टेशनात आणि विजेच्या खांबाखाली ते आपोआप झाले.

मुळात हा शब्द दोऱ्याचा. लॅटिन भाषेत 'लिनुम' म्हणजे जवस, आणि जवसाच्या देठातील तंतू काढून वळलेला दोरा तो 'लिनेआ'. त्याच तंतूचे कापड ते लिनन, त्या कापडाचे आतून लावलेले अस्तर ते लायनिंग. दोरा ताणला की सरळ होतो, या एका साध्या गुणामुळे सुताराने आणि गवंड्याने त्याला सरळपणाचे माप केले, त्या मापावरून आखलेली ती रेघ झाली, रेघेवर उभी राहिलेली माणसे ती रांग झाली, आणि पुढे वंशाची परंपरा, प्रवासाचा मार्ग, माणसाचा व्यवसाय असे जे जे काही एकामागून एक ओघाने येते ते सारे त्या दोऱ्यात ओवले गेले. हा प्रवास आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. संस्कृतातील सूत्र हा शब्दही धाग्यापासूनच निघाला. तो सुताराच्या हातात गेला तेव्हा मापाची दोरी झाला, पाणिनीच्या हातात गेला तेव्हा नियम झाला, रंगभूमीवर गेला तेव्हा सूत्रधाराच्या नावात बसला, आणि आपला सुतार हा शब्दही त्याच सूत्रधाराचे झिजलेले रूप होय.

परंतु इंग्रजीतला हा सारा अर्थसंभार मराठीने जसाच्या तसा घरात घेतला नाही, आणि माझ्या मते या शब्दाच्या इतिहासातील सर्वांत बोधक गोष्ट हीच आहे. जी वस्तू आपल्यापाशी आधीपासून होती तिला आपण आपलेच नाव ठेवले. कवितेची ओळच राहिली. तळहातावरची रेषाच राहिली. मासे धरणाऱ्याची गळाची दोरी ही दोरीच राहिली, आणि उरणपासून मुरुडपर्यंतच्या कोळीवाड्यांत बांबूंच्या आधाराने दोऱ्या ताणून त्यांवर बोंबील वाळत घालतात तेव्हा इंग्रजाच्या दृष्टीने ती अस्सल लाइन असूनही तिला लाइन म्हणावे असे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. उलट जी वस्तू इंग्रजी अमलाबरोबर आली ती आपले नाव अंगावर घेऊनच आली: आगगाडीची लाइन, तारेची लाइन, नळाची लाइन, टेलिफोनची लाइन. पलटणीचे तंबू आणि पुढे बराकी ओळीने बांधल्या जात म्हणून लष्करी वस्तीला 'लाइन्स' म्हणत. मुंबईच्या मरीन लाइन्सचे नाव मरीन बटालियनच्या अशाच वस्तीवरून पडले, आणि जिल्ह्याच्या गावोगावी जी पोलीस लाइन असते तीही त्याच कुळातली, फक्त शेवटचा सकार मराठी तोंडात गळून पडलेला.

बोटींच्या बाबतीत हा नियम विशेष स्पष्ट दिसतो. मुंबईहून रेवस, धरमतर, जंजिरा असा प्रवास ज्यांनी केला त्या पिढ्यांना स्टीमर चालविणाऱ्या कंपन्या ठाऊक होत्या, पण त्यांच्या तोंडी शब्द होता आगबोट, आणि कंपनी होती ती आगबोट कंपनी. इंग्रजीत तिला लाइन म्हणतात हे जाणण्याची त्यांना गरज पडली नाही. १९८९ साली न्हावा-शेवा येथे नवे बंदर सुरू झाले, कंटेनरच्या राशी उभ्या राहिल्या, आणि उरण तालुक्यातील मुले तेथल्या कचेऱ्यांत कारकुनीला लागली, तेव्हा 'शिपिंग लाइन' हा शब्द घराघरांत आला. आता जानेवारी २०२४ पासून खारकोपरपुढे थेट उरणपर्यंत प्रवाशांची लोकल धावू लागल्यावर 'उरण लाइन' हाही शब्द रूढ झाला असून, बापाची लाइन बंदरातली आणि मुलाची लाइन रुळावरची, असे एकाच घरात दोन्ही अर्थ सुखाने नांदत आहेत. 'तू कोणत्या लाइनीत आहेस?' या प्रश्नातली लाइन आणखी तिसरीच. तेथे पूर्वी पेशा हा फारसी शब्द बसत असे. तरुण पोरे ज्या अर्थाने लाइन मारतात तो तर इंग्रजालाही खुलासा करून सांगावा लागेल.

इतक्या अर्थांचा घोटाळा कसा होत नाही, याचे उत्तर मला त्या ओटीवरच्या तीन उत्तरांत मिळाले. आत्याबाईंनी 'आली का' असे विचारले होते. 'जोडली' म्हणणारीने नळ धरला, 'लागली' म्हणणाऱ्याने रांग धरली. मराठीत लाइनीची ओळख तिच्या क्रियापदावरून पटते. वीज येते आणि जाते, म्हणून लाइन गेली की दिवा लावायचा. नळाची लाइन टाकतात, जोडतात, आणि ती फुटते. रांगेची लाइन लागते, लावतात आणि मोडतात. फोनची लाइन मिळते, व्यस्त असते किंवा कट होते. वाया चाललेल्या मुलाला लाइनीवर आणतात. नाम एकच, परंतु बोलणाराने उच्चारलेले पुढचे क्रियापद ऐकणाऱ्याला नेमक्या दारापाशी नेऊन सोडते. आत्याबाईंचे क्रियापद तर विजेचेच होते. पण सूनबाईंच्या मनात सकाळपासून पाणी आणि शेजाऱ्याच्या मनात ताडपत्री घोळत होती, त्यामुळे तेवढ्यापुरता गोंधळ झाला आणि तो लागलीच निवळलाही.

सरकारी दप्तराने या एका शब्दाची वाटणी करण्याचा प्रयत्न केला, आणि तो सर्वस्वी वाया गेला असे मी म्हणणार नाही. विजेची आणि पाण्याची ती वाहिनी ठरली. उच्चदाब वाहिनी, लघुदाब वाहिनी, जलवाहिनी हे शब्द वर्तमानपत्रांतून आता बिनबोभाट वाचले जातात. लाइनमनला वीज मंडळाने तारमार्गतंत्री असे पद दिले. शब्द निर्दोष आहे, त्याची घडण शास्त्रशुद्ध आहे. तथापि भर पावसात खांबावर चढलेल्या माणसाला खालून हाक मारायची झाली तर सहा अक्षरांचा तो जोडशब्द तोंडातून निघेपर्यंत हाकेचे काम निघून जाते. निसर्ग वादळानंतर दूरदूरच्या जिल्ह्यांतून आलेली ही माणसे चिखलात खड्डे खणून, मोडलेल्या वाड्यांतून तारा ओढीत फिरत होती, तेव्हा ज्या गावात ती शिरत तेथे पोरे पुढे धावत जाऊन 'लाइनमन आले' अशी वर्दी देत. ज्या दिवशी आमच्या आत्याबाईंच्या घरात दिवा लागला त्या दिवशी त्यांनी देवापुढे साखर ठेवली आणि दुसरी वाटी खांबापाशी पाठविली.

याच्या उलट काही ठिकाणी जुना शब्द उत्तम असून तो आपणच टाकून दिला आहे. डेडलाइन हा त्यांतला एक. अमेरिकेतील यादवी युद्धात, १८६४ च्या सुमारास, अँडरसनव्हिलच्या बंदिवासात कुंपणाच्या आत एक हद्द ठरविलेली होती. ती ओलांडणाऱ्या कैद्यास पहारेकरी गोळी घालीत, म्हणून ती मरणाची रेषा. त्या भयंकर जागेवरून निघालेला शब्द आपण अर्ज भरण्याच्या शेवटच्या तारखेसाठी वापरतो, आणि मुदत हा दप्तरात मुरलेला, मामलेदार कचेरीपासून न्यायाधीशापर्यंत सर्वांना कळणारा शब्द बाजूला पडतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. मुदत संपते, वाढते, मागून घेता येते. डेडलाइनपाशी इतकी माणुसकी नाही.

अलिबागच्या वेधशाळेत मात्र या शब्दाचे जे रूप आहे ते पाहण्यासाठी मी वाचकाला आग्रहाने तेथवर नेऊ इच्छितो. पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद मुंबईच्या कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या पाचव्या दशकापासून होत असे. घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम येणार हे निश्चित झाले तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्यापुढे असा पेच उभा राहिला की ट्रामच्या लाइनीतून खेळणारा वीजप्रवाह चुंबकसूचीला चाळवील आणि साऱ्या नोंदी निरुपयोगी होतील. म्हणून वीज पोहोचण्याआधीच खाडीपलीकडे अलिबागेस नवी वेधशाळा उभारण्यात आली. बांधकामात लोखंड वर्ज्य ठरले, आणि १९०४ पासून काही काळ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन जुन्या मालिकेची गाठ नवीशी बिनचूक बांधण्यात आली. पुढे १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावू लागली तेव्हा अलिबागची सूची शांतपणे आपले काम करीत होती. एका लाइनीने दुसरीला गाव सोडायला लावले. कारण जिची नोंद येथे होते तीही लाइनच, फॅरेडेने कल्पिलेली बलरेषा, जी कोणी आखलेली नाही आणि जी डोळ्यांना दिसत नाही. मुंबईच्या कुलाब्याहून जी वेधशाळा निघाली ती ज्या जिल्ह्यात येऊन स्थिरावली त्याचेही नाव त्या वेळी कुलाबाच होते, अलिबागसमोरच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यावरून पडलेले. रायगड हे जिल्ह्याचे नाव १९८१ पासूनचे. या वेधशाळेची नोंद आजही चालू आहे.

दिसणाऱ्या रेषांपैकी या किनाऱ्याला सर्वांत प्रिय अशी रेषा विचाराल तर ती कबड्डीच्या मैदानातली. पेण, अलिबाग, उरण, मुरुड या पट्ट्यात पाऊस ओसरला की गावोगावची मैदाने झाडून, पाणी मारून, त्यांवर चुन्याची फक्की टाकली जाते, आणि लहान मुलालाही कोणती रेघ कशासाठी हे पाठ असते. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर जी रेघ असते तिचे मराठी नाव निदान रेषा. कोणालाही न शिवता परत यायचे तर चढाई करणाऱ्याने ही रेषा एकदा तरी पार केलीच पाहिजे. निदान इथवर तरी ये, असे ती आपल्या नावानेच बजावीत असते. तिच्यापुढे एक मीटरवर बोनसची रेषा, आणि तीवर गुण मिळवायचा तर समोर किमान सहा गडी उभे असावे लागतात. निदान रेषा हा शब्द ज्याने घडविला त्याला भाषेचा कान होता यात मला शंका नाही. इंग्रजी शब्दाचा भाषांतरी सांगाडा न उचलता त्याने नियमाचा प्राणच नावात घातला.

रेषेच्या नेमकेपणावर माणसांचे जीव अवलंबून असतात हे मांडव्याच्या लाँचमधून जाणाऱ्याला समुद्रातच पाहावयास मिळते. नांगरलेल्या मोठ्या मालवाहू जहाजाच्या कुशीवर पाण्याच्या जरा वर एक वर्तुळ आणि त्याला छेदणारी आडवी रेघ रंगविलेली असते, आणि शेजारी लहान लहान आडव्या रेघांची शिडी असते. अतिरिक्त माल भरून जुनी जहाजे समुद्रात सोडणाऱ्या मालकांविरुद्ध सॅम्युएल प्लिमसॉल यांनी ब्रिटिश पार्लमेंटात जी झुंज दिली तिच्यातून १८७६ च्या कायद्याने ही रेघ जहाजावर आली. उन्हाळ्यातील समुद्र, हिवाळ्यातील समुद्र, उष्ण कटिबंधातील समुद्र, गोडे पाणी, या प्रत्येकासाठी भरण्याची मर्यादा वेगळी, म्हणून शिडीतील प्रत्येक रेघेशेजारी तिचे अक्षर लिहिलेले असते. नुसती रेघ पुरत नाही, ती कोणती हेही लिहावे लागते, ही दक्षता मला फार महत्त्वाची वाटते. कारण आमच्या किनाऱ्यावर आज ज्या रेषेवरून घराघरांत चिंता आहे तिच्याबाबत नेमकी हीच दक्षता सर्वसामान्य माणसाला मिळत नाही.

ती रेषा भरतीची. १९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने किनारा नियमन क्षेत्र ठरविले आणि समुद्रकाठी उच्चतम भरतीरेषेपासून जमिनीकडे ५०० मीटरपर्यंतच्या बांधकामावर निर्बंध घातले; २०११ आणि २०१९ साली नव्या अधिसूचना निघाल्या, आणि शेवटच्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात बांधकामास मनाई असलेला पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. अंतरे बदलली, पण ती मोजायची जेथून ती रेषा तीच: उधाणाच्या भरतीला पाणी जमिनीवर जास्तीत जास्त जेथवर पोहोचते ती. कोळी माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराची भांगाची भरती यांतला फरक तो पंचांगाशिवाय सांगतो, आणि कोणत्या वर्षी पाणी कोणाच्या पायरीला लागले हेही त्याला तोंडपाठ असते. त्याची अडचण वेगळी आहे. गावात तो 'आपलं घर लाइनीत येतं' असे वाक्य ऐकतो, आणि ही लाइन भरतीची, की तिच्यापासून मोजलेली ५० मीटरची, की २०० ची, की ५०० ची, की गावठाणाच्या हद्दीची, हे त्याला कोणी सांगत नाही. नदीकाठच्या महाडकराला यांत पूररेषांची भर पडते; पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल.

बोलण्यात क्रियापद असते म्हणून लाइन ओळखू येते, परंतु नकाशावर क्रियापद नसते. तेथे असते ती केवळ एक रंगीत रेघ, आणि तिलाही जाडी असते. १:२५,००० या प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे २५ मीटर. पेन्सिलीची अर्ध्या मिलिमीटरची रेघ साडेबारा मीटर रुंद होते. साडेबारा मीटरमध्ये कोळीवाड्यातले एक अख्खे घर, त्याचे अंगण आणि जाळी विणायची जागा मावते. त्या घराचा मालक रेघेच्या अलीकडे की पलीकडे हे त्या नकाशावर नुसते बोट ठेवून कोणीही सांगू शकत नाही. त्यासाठी सर्व्हे नंबर दाखविणारा मोठ्या प्रमाणाचा गावनकाशाच लागतो.

म्हणून किनाऱ्यावर राहणाऱ्या प्रत्येक वाचकास माझे एवढेच मागणे आहे की गावात किनारा आराखड्याची जनसुनावणी लागेल तेव्हा घरातल्या एकाने तरी कामाचा खाडा करून तेथे जावे, नकाशा किती प्रमाणाचा आहे ते विचारावे, रेघ कोणत्या मोजणीवरून आली ते विचारावे, आपल्या सर्व्हे नंबरची नक्कल मागावी, आणि समोरचा अधिकारी नुसते 'लाइन' म्हणाला तर त्याला नम्रपणे थांबवून, कोणती लाइन, हे पूर्ण नावानिशी कागदावर लिहून घ्यावे.